आधी पत्र, मग पैसे

क्रेडिट कार्डाच्या थकबाकीसाठी माझ्याकडे येणारा माणूस पहिल्या भेटीत खरा आकडा सांगत नाही. कार्डं तीन असली तर एकच सांगतो. बायको बरोबर असेल तर त्या एकाचाही निम्माच आकडा सांगतो. मग चार दिवसांनी एकटा येतो, कोर्टातल्या बाररूमच्या बाहेर घुटमळतो आणि गर्दी ओसरल्यावर पिशवीतून कागद काढतो. हल्ली कागदही नसतात. बिलं ईमेलवर येतात, ईमेल पुण्याला शिकणाऱ्या मुलाने काढून दिलेला असतो आणि पासवर्ड त्यालाच ठाऊक असतो. म्हणजे बापाचं देणं घरात सगळ्यात आधी मुलाला कळलेलं असतं आणि तो गप्प असतो. त्या मुलाला फोन लावून पहिल्या महिन्यापासूनची सगळी बिलं मागवायची, हे माझं पहिलं काम. ती हातात येईपर्यंत मी तडजोडीचं बोलणं सुरूच करत नाही.

मी अक्कलकोटच्या तालुका कोर्टात वकिली करते. बांधाचे दावे, वाटप, पोटगी, न वटलेले चेक, हे आमचं रोजचं. कार्डांची कामं मी मागून घेतलेली नाहीत. ती २०२० नंतर आपल्या पायांनी आली, आणि त्याचं कारण हे गावच आहे. दुधनीचा बाजार तुरीवर चालतो तसं अक्कलकोट स्वामींवर चालतं. गुरुवार, पौर्णिमा, दत्तजयंती, गुरुपौर्णिमा असा इथल्या रोख पैशाचा पंचांगाप्रमाणे हिशोब असतो. वटवृक्ष मंदिराच्या वाटेवरचा हारवाला, पेढेवाला, फोटो-फ्रेमवाला, लॉजवाला, स्टेशनवरून माणसं आणणारा रिक्षावाला, सगळ्यांचं पोट येणाऱ्या भक्तावर. मार्च २०२० मध्ये मंदिर बंद झालं ते १६ नोव्हेंबरला, दिवाळीच्या पाडव्याला उघडलं. २०२१ च्या एप्रिलमध्ये पुन्हा बंद झालं ते ७ ऑक्टोबरला, घटस्थापनेला उघडलं. या दोन बंदांच्या मध्ये माणसांनी जे काही केलं त्याची बिलं मी अजून वाचते आहे.

त्यात एक मोठा गैरसमज होता. रिझर्व्ह बँकेने २७ मार्च २०२० ला हप्ते तीन महिने पुढे ढकलायची सवलत दिली, मग ती ३१ ऑगस्टपर्यंत वाढवली. कार्डाचं देणंही त्यात होतं. टीव्हीवर ऐकून लोकांनी त्याचा अर्थ ‘माफ’ असा घेतला. हप्ता थांबला होता, व्याज थांबलं नव्हतं. शेती कर्जाची माफी इथल्या घराघरांत ठाऊक असल्यामुळे सरकार बोललं म्हणजे काहीतरी माफ झालंच, असं वाटणं स्वाभाविक होतं. व्याजावरचं व्याज पुढे सरकारच्या योजनेतून आणि मार्च २०२१ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने परत मिळालं. पण ती रक्कम एवढीशी होती, की बहुतेकांना ती बिलात दिसलीही नाही.

मंदिराच्या वाटेवर हार-नारळाचं दुकान असलेल्या एका माणसाचं प्रकरण मी इथे सविस्तर सांगते, कारण बाकीची बरीचशी याच वळणाची असतात. सोलापूरच्या एका मॉलमध्ये टेबल मांडून बसलेल्या पोरांनी त्याला कार्ड दिलं होतं. लिमिट ७५,०००. आधी तो माल भरायला वापरायचा आणि गुरुवार-रविवारच्या गल्ल्यातून फेडायचा. बंद काळात किराणा, दवाखाना, मुलीची फी, सगळं त्यावर. मग जमेल तेव्हा बिलावरची ‘मिनिमम ड्यू’ भरायचा आणि आपण नियमित आहोत असं समजायचा. शेवटी तेही थांबलं. माझ्याकडे आला तेव्हा बिलावर १,४६,००० चा आकडा होता.

“मी एवढं खाल्लं नाही हो म्याडम,” हे त्याचं पहिलं वाक्य. खरंच नव्हतं खाल्लं. आम्ही दोघांनी सगळी बिलं घेऊन एका वहीत दोन रकाने आखले. कार्डावर एकूण खरेदी १,१८,०००. त्याने वेळोवेळी भरलेले ६४,०००. म्हणजे बाजारात त्याने घेतलेल्या मालातले ५४,००० द्यायचे राहिले होते. उरलेले ९२,००० हे व्याज, लेट फी आणि त्या दोन्हींवरचा १८ टक्के जीएसटी. महिना साडेतीन टक्के हा दर ऐकायला किरकोळ वाटतो. वर्षाचे ते ४२ होतात, कर धरून पन्नाशीला टेकतात, आणि चढत गेले की दोन वर्षांत रक्कम अडीचपटीच्या पुढे जाते. मिनिमम ड्यू साधारण पाच टक्के. त्यातलं जवळजवळ सगळं व्याजातच मुरतं. २०२२ च्या नियमांनुसार बँकांना बिलावर छापावं लागतं, की फक्त किमान रक्कम भरत राहिलात तर फेड महिनोन्महिने, वर्षानुवर्षं लांबेल. छापलेलं असतं. इंग्रजीत, बारीक अक्षरात, आणि आमच्या तालुक्यात निम्म्या घरांत बोलणं कानडी.

वहीतले हे दोन रकाने पाहिल्यावर माणूस खुर्चीत जरा सरळ बसतो. तोपर्यंत त्याला वाटत असतं आपण चोर आहोत. मला वाटतं, तडजोडीतली निम्मी लढाई तिथेच होते. लाजेने बोलणारा माणूस समोरच्याचा पहिला आकडा ऐकून घेतो. हिशोब माहीत असलेला माणूस आपला आकडा सांगतो.

बँक वकिलाशी बोलायला तयार नसते. “कार्डहोल्डरशीच बोलू,” म्हणतात. म्हणून फोन त्याचा, स्पीकर सुरू, मी शेजारी, वही मध्ये. पलीकडे कुठल्यातरी शहरातली हिंदी बोलणारी मुलगी. तिचा आवाज ऐकला की वाटतं हिलाही पगारातून एखादं कार्ड फेडायचं असेल. पहिली ऑफर आली १,१०,००० ची, “सिर्फ आज के लिए.” ही ‘आजच्यापुरती’ ऑफर पुढच्या महिन्यातही येते, बहुतेक वेळा कमी होऊन येते, हे मी त्याला आधीच सांगून ठेवलं होतं. आम्ही ४०,००० म्हणालो. ती हसली. आम्ही फोन ठेवला.

आता बँक कमी का घेते, ते समजून घेतलं पाहिजे, नाहीतर हे सगळं दयेवर चाललं आहे असं वाटतं. कार्डाच्या कर्जाला तारण नसतं. ९० दिवस थकलं की ते खातं बुडीत वर्गात जातं आणि बँकेला त्यापोटी स्वतःच्या नफ्यातून तरतूद करावी लागते. आणखी काही महिन्यांनी बहुतेक बँका ते हिशोबातून काढून टाकतात, म्हणजे त्यानंतर जे येईल ते वरकडच. दीड लाखासाठी अक्कलकोटला दावा लावायचा तर वकील, कोर्ट फी, तारखा, आणि शेवटी हुकूमनामा हातात घेऊन जप्त काय करणार, नारळाची पोती? वसुली एजन्सीला कमिशन मिळतं ते आलेल्या पैशावर. महिनाअखेरीला एजन्सीच्या डोक्यावर टार्गेट असतं, मार्चअखेरीला बँकेच्या. म्हणून मी माझ्या लोकांना महिन्याच्या पाच तारखेला फोन उचलून भांडत बसू नका म्हणते. पंचवीसनंतर बोला.

त्याचं प्रकरण ५८,००० ला मिटलं. मुद्दलाच्या वर चार हजार. बँकेचं बुडालं काहीच नाही, आणि कागदावर मात्र ८८,००० ‘सोडले’ असं लिहिलं गेलं. त्या माणसाने माझ्या टेबलावर पेढे ठेवले आणि म्हणाला, “साठ टक्के माफ झालं.” मी दुरुस्ती केली नाही. त्याला तेवढा आनंद हवा होता.

पण ५८,००० आले कुठून, ते सांगितलं पाहिजे. बायकोच्या पाटल्या पतसंस्थेत तारण ठेवून ३५, पुण्याच्या मेहुण्याकडून हातउसने २०, उरलेले गल्ल्यातून. इतक्या वर्षांत माझं या बाबतीत एकच ठाम मत झालं आहे: रडल्याने आकडा खाली येत नाही, तयार पैशाने येतो. “एकरकमी देतो, सात दिवसांत,” म्हटलं की फोनवरच्या मुलीचा सूर बदलतो. “महिना दोन-दोन हजार देतो,” म्हटलं की सवलत नाहीशी होते. म्हणजे ज्याच्या घरात गहाण टाकायला सोनं आहे, ज्याला मेहुणा आहे, त्याला निम्मं सोडतात. ज्याला कोणीच नाही त्याच्याकडून पूर्ण मागतात. आणि जो उपाशी राहून दर महिन्याला बिल भरतो, त्याला तर सवलतीचा फोनही येत नाही. वागदरीच्या एका बाईने मला सरळ विचारलं होतं, “म्हणजे मी भरत आले ते चुकलं का माझं?” तिला द्यायला माझ्याकडे उत्तर नव्हतं, आजही नाही.

हारवाल्याबरोबर एकदा त्याचे वडील आले होते. डोक्याला रुमाल, हातात काठी. सगळं ऐकून म्हणाले, “दामदुप्पट नाही का लागत हो याला?” मी चमकलेच. हा शब्द मी कायद्याच्या पुस्तकात वाचला होता, अशिलाच्या तोंडून पहिल्यांदा ऐकत होते. जुन्या हिंदू कायद्यातला हा नियम मुंबई इलाख्यातली कोर्टं पाळत: एका वेळी मुद्दलापेक्षा जास्त व्याज वसूल करता येणार नाही. हजार दिले तर व्याज हजारावर थांबलं. १८७५ साली पुणे-नगरकडच्या शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या जाळल्या, त्यानंतर १८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला. पुणे, नगर, सातारा आणि सोलापूर या चारच जिल्ह्यांना तो आधी लागू झाला. त्यात न्यायाधीशाला जुना हिशोब उकरून, व्याज तोडून, खरं देणं किती ते ठरवायचा अधिकार होता. मी वहीत दोन रकाने आखते ते तेच काम, फक्त अधिकाराशिवाय. अक्कलकोट तेव्हा संस्थान होतं, त्यामुळे तो कायदा आमच्या वेशीबाहेरच राहिला. १९४८ ला संस्थान विलीन होऊन आम्ही सोलापूर जिल्ह्यात आलो.

आजोबांना मी सांगितलं, सावकाराला आजही बंधन आहे. महाराष्ट्राच्या २०१४ च्या सावकारी कायद्याखाली परवानाधारक सावकार बिगर-शेतकऱ्याला विनातारण कर्ज देतो तेव्हा त्याला वर्षाला १८ टक्क्यांच्या वर व्याज लावता येत नाही. बँकेला मात्र हे लागू नाही. बँकिंग कायद्यात १९८४ साली कलम २१-ए घातलं गेलं. बँकेचं व्याज जास्त आहे म्हणून कोर्टाला व्यवहार पुन्हा उघडता येत नाही. २००८ साली राष्ट्रीय ग्राहक आयोगाने वर्षाला ३० टक्क्यांच्या वर व्याज म्हणजे अनुचित व्यापार असं म्हटलं होतं. तो निकाल सर्वोच्च न्यायालयाने २० डिसेंबर २०२४ ला रद्द केला. आजोबांनी ऐकून घेतलं आणि नातवाच्या वयाच्या शिपायाला विचारलं, “मग सावकार बरा की काय?” शिपाई हसला. मला हसू आलं नाही.

पैसे ठरल्यावर खरी काळजी सुरू होते. मैंदर्गीचा एक तरुण सोलापूरला टॉवेलच्या कारखान्यात जायचा. त्याच्या घरी वसुलीवाला आला, गोड बोलला, “वीस हजार द्या, फाईल बंद करतो.” भिशी उचलून त्याने रोख वीस हजार दिले. मिळाली ती साध्या कागदावरची पावती. वर्षाने दुसऱ्याच एजन्सीचा फोन आला, आकडा आधीपेक्षा मोठा. पहिला माणूस नोकरी सोडून गेला होता आणि बँकेच्या खात्यात वीस हजार जमा होते, पण ‘अंशतः भरणा’ म्हणून. तडजोड झाल्याचा एक ओळीचाही पुरावा नव्हता. आम्ही पुन्हा शून्यापासून बोललो. दुसऱ्यांदा द्यावे लागलेले पैसे त्याने कारखान्यातून उचल घेऊन दिले.

म्हणून माझा नियम: पत्र हातात आल्याशिवाय एक रुपया नाही. पत्र बँकेच्या लेटरहेडवर किंवा बँकेच्या अधिकृत ईमेलवरून आलेलं हवं. एजंटचं व्हॉट्सअ‍ॅप चालत नाही. त्यात कार्डाचे शेवटचे चार आकडे, ठरलेली रक्कम, भरायची शेवटची तारीख, हप्ते असतील तर प्रत्येकाची तारीख, आणि ही रक्कम भरल्यावर काहीही येणं उरणार नाही असं स्पष्ट वाक्य. पैसे कार्डाच्याच खात्यात भरायचे, कोणाच्या खासगी यूपीआय नंबरवर नाही. तारीख एका दिवसानेही चुकवायची नाही, चुकली की करार मोडला आणि जुना आकडा उभा राहिला. आणि भरल्यावर नो-ड्यूज पत्र मागून घ्यायचं, लॅमिनेशन करून घरात ठेवायचं. एजंट पत्र द्यायला कुरकुरतो. “पहले टोकन भर दो, फिर लेटर आएगा.” थांबायचं. ज्याला खरंच पैसे हवे असतात तो दोन दिवसांत पत्र पाठवतो.

टोकनामागे दुसरीही गोम असते. असं येणं वसूल करायला दाव्याची मुदत तीन वर्षांची. मुदत संपायच्या आत काही रक्कम भरली किंवा देणं कबूल केलं, आणि त्याची सहीनिशी नोंद झाली, की मोजणी नव्याने सुरू. शिवाय कोविडमुळे १५ मार्च २०२० ते २८ फेब्रुवारी २०२२ हा काळ सर्वोच्च न्यायालयाने मुदतीतून वगळला आहे. बारमधले काही जण हे विसरून अशिलाला ‘आता काही होत नाही’ सांगून मोकळे होतात. मी मुदतीच्या भरवशावर कोणाला बसायला सांगत नाही. दावा गेला तरी नोंद राहते, फोन राहतात.

फोनांबद्दल बोलायलाच हवं. नियम साफ आहे: ऑगस्ट २०२२ च्या रिझर्व्ह बँकेच्या परिपत्रकानुसार सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर वसुलीचा फोन नाही, धमकी नाही, नातेवाइकांत-शेजाऱ्यांत बदनामी नाही. हारवाल्याला पहाटेच्या आरतीची गर्दी असताना फोन यायचे, कारण तेव्हा तो नक्की दुकानात असतो हे त्यांना ठाऊक होतं. शेजारच्या पेढेवाल्यालाही फोन केला, “तुमच्या शेजाऱ्याला सांगा.” लहान गावात एवढं पुरतं. मी त्याला तारीख-वेळ लिहायला लावलं, रेकॉर्डिंग ठेवायला लावलं, आणि आधी बँकेच्या तक्रार विभागाला लेखी कळवलं. तीस दिवसांत उत्तर नाही आलं, किंवा आलेलं पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे फुकट तक्रार करता येते. २०२१ पासून सगळ्या बँकांसाठी ती एकच योजना आहे, टोल फ्री नंबर १४४४८. आम्हाला तिथवर जावं लागलं नाही. तक्रारीची पोच आल्यावर पुढच्याच आठवड्यात ऑफर खाली आली. योगायोग असेल.

नोटिसांचा मात्र मला आता कंटाळा येतो. दिल्लीच्या कुठल्यातरी वकिलाच्या नावाने, वर तराजूचं चित्र, लाल अक्षरात ‘अंतिम सूचना’, खाली ‘४२०’ आणि ‘अटक’. जुलै २०२४ पासून जुनं दंडविधानच उरलं नाही, तरी नोटिशीतलं ४२० जात नाही. कार्डाचं बिल थकणं हा दिवाणी मामला आहे, त्यासाठी पोलीस येत नाहीत. चेक दिला असेल आणि तो परत गेला, किंवा खात्यातून आपोआप कापून घ्यायची मंजुरी दिली आणि ती परत गेली, तर गोष्ट वेगळी. ती फौजदारीत जाऊ शकते. म्हणून घाबरून पुढच्या तारखेचे चेक देऊ नका. खऱ्या कोर्टाचं समन्स आलं तर मात्र हजर राहा. इथे उलटं होतं. खोट्या नोटिशीला घाबरून माणूस झोपत नाही, आणि खरं समन्स आलं की बेलिफाला टाळून वाड्याच्या मागच्या दाराने शेतात जातो.

एक प्रकरण माझ्या मनासारखं झालं नाही. दुसऱ्या लाटेत नवरा गेलेली बाई. त्याच्या कार्डावर ६३,०००. फोनवाले म्हणत होते, “वारसाला भरावंच लागतं.” अर्धसत्य. वारस जबाबदार असतो तो मयताकडून मिळालेल्या मालमत्तेपुरता. त्याच्यामागे भाड्याचं घर आणि एक जुनी मोटारसायकल होती. मी मृत्यूचा दाखला जोडून तसं पत्र बँकेला पाठवलं आणि तिला सांगितलं, आता फोन घेऊ नका. आठवड्याने ती परत आली. “एन माडबेकु री?” (काय करायचं हो?) एवढंच कानडीत म्हणाली, मग मराठीत, “देणं ठेवून गेला माणूस, त्याला बरं नाही लागणार.” मी कायदा सांगितला, पुन्हा सांगितला. पण तिने मोटारसायकल विकून ९,००० भरले आणि बँकेकडून खातं मिटल्याचं पत्र घेतलं. पत्र मीच नीट लिहून मागवलं, एवढं माझ्या हातात होतं. ते नऊ हजार मुलांच्या वह्या-पुस्तकांना लागले असते, हे माझं म्हणणं आजही कायम आहे. ती भेटते तेव्हा समाधानी दिसते.

सवलतीची किंमत पुढे मोजावी लागते. क्रेडिट रिपोर्टमध्ये खातं ‘पूर्ण फेडून बंद’ असं न दिसता ‘सेटल्ड’ असं दिसतं, आणि ते वर्षानुवर्षं दिसत राहतं. रिझर्व्ह बँकेच्या जून २०२३ च्या चौकटीत तडजोडीला रीतसर जागा आहे, पण त्यानंतर किमान १२ महिने तीच संस्था शेतीव्यतिरिक्त नवं कर्ज देऊ शकत नाही, अशी अटही आहे. एका शिक्षकाने माझा सल्ला न घेता ४०,००० सोडवून घेतले होते. तीन वर्षांनी घराचं कर्ज मंजुरीला आलं तेव्हा बँकेने तेच ४०,००० आधी भरून या म्हटलं. नाइलाजाने भरले, मग खात्यावरचा शेरा बदलला. म्हणून पगारदार, पस्तिशीच्या आतला, पुढे घर किंवा गाडी घ्यायची इच्छा असलेला कोणी आला तर मी तडजोड करूच देत नाही. सोनं तारण ठेवा, पतसंस्थेचं कर्ज काढा, बँकेला बिलाचे हप्ते बांधून मागा, पण पूर्ण फेडा. १२-१५ टक्क्यांचं कर्ज काढून ४२ चं फेडण्यात शहाणपण आहे. हारवाल्याचं तसं नव्हतं. त्याला आयुष्यात पुन्हा बँकेचं तोंड बघायचं नव्हतं.

मधल्या काळात ‘कर्जमुक्ती’ करून देणाऱ्या कंपन्याही निघाल्या आहेत. महिन्याला फी घेतात, हप्ते थांबवा म्हणतात, फोन आमच्याकडे वळवा म्हणतात. त्यांचं काम ज्याने-त्याने वही आणि पेन घेऊन करता येतं. मी त्यांच्याकडे कोणाला पाठवलेलं नाही.

मला पसंत आहे ती लोकअदालत. दावा दाखल नसला तरी दाखलपूर्व प्रकरण म्हणून थकबाकी तिथे ठेवता येते. पॅनेलवर न्यायाधीश असतात, शेजारी वकील असतो, बँकेचा माणूस टेबलासमोर बसलेला असतो. फोनवर जो “वरून अप्रूव्हल नाही” म्हणतो, तोच न्यायाधीशांनी “अहो, मुद्दल तर मिळतंय ना?” म्हटल्यावर बाहेर जाऊन साहेबाला फोन लावून येतो. तिथे झालेला निवाडा १९८७ च्या कायद्याप्रमाणे दिवाणी कोर्टाच्या हुकूमनाम्याइतकाच पक्का, त्यावर अपील नाही. दुसऱ्या एजन्सीने वर्षाने फोन केला तर त्याची प्रत पाठवायची, विषय संपतो. बायकांना, अनुसूचित जाती-जमातींना आणि वर्षाला ३ लाखांच्या आत उत्पन्न असणाऱ्यांना तालुका विधी सेवा समितीकडून वकीलही फुकट मिळतो. हे सांगताना माझ्या कामाचं नुकसान होतं, पण होऊ दे.

हे सगळं थांबणारं नाही. २०२२ पासून रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडता येतं. मंदिराच्या वाटेवर ज्या क्यूआर कोडवर भक्त नारळाचे पैसे देतात, त्यावर आता उधारीचेही पैसे येतात. देणाऱ्यालाही ते वेगळे भासत नाहीत.

राष्ट्रीय लोकअदालत वर्षातून चार वेळा, शनिवारी भरते. लोक त्या दिवशी सकाळी दहाला येतात आणि बँकेच्या यादीत नाव नाही म्हणून परत जातात. कृपा करून पंधरा दिवस आधी या. सगळ्या कार्डांची सगळी बिलं आणा, आणि मुलालाही बरोबर घेऊन या.